आस्मानी, सुलतानी आणि गावकी

या मालेत बोलण्याचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, कोणत्या ग्रंथावर बोलणार?" आम्ही म्हटलं, ग्रंथावर नाही, एका व्याख्येवर बोलू. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "चालेल, पण तासभर पुरेल ना?" तत्त्वज्ञानाच्या मास्तरला ही शंका विचारू नये. आमचं आयुष्य व्याख्यांवरच गेलं आहे.

ही व्याख्या 'आपत्ती' या शब्दाची आहे आणि ती २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात आहे. कायद्याचा मजकूर ही समीक्षेची वस्तू होऊ शकते का, असं कुणी विचारेल. आमच्या मते कवितेपेक्षाही जास्त होऊ शकते. कविता चुकली तर फार तर कवीचं नुकसान होतं. कायद्यातला एखादा शब्द पोकळ राहिला तर त्या पोकळीत माणसं पडतात. म्हणून आज या व्याख्येचं आपण बारकाईनं वाचन करू.

त्याआधी आपल्या भाषेत काय आहे ते पाहू. मराठी शेतकऱ्यानं संकटांचे दोन वर्ग फार पूर्वी केले. एक आस्मानी, दुसरं सुलतानी. पाऊस आला नाही, गारा पडल्या, टोळधाड आली, ते आस्मानी. फौज पिकातून गेली, सारा वाढला, ते सुलतानी. वर्गीकरण साधं आहे, पण त्यात जबाबदारीचा विचार आहे. आस्मानीपुढे हात जोडायचे, सुलतानीपुढे गाऱ्हाणं मांडायचं. अडचण अशी की खरं संकट येतं तेव्हा या दोन्हींची सरमिसळ झालेली असते. पाऊस आस्मानी असतो. पण नदीच्या पात्रात भराव घालून इमारत उभी राहिली, ते काही आकाशातून पडलेलं नसतं.

युरोपात हा प्रश्न १७५५ साली ऐरणीवर आला. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लिस्बन शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं. लोक चर्चमध्ये होते. व्होल्तेअरनं त्यावर कविता लिहिली आणि विचारलं की दयाळू ईश्वराच्या राज्यात हे कसं घडतं. पुढच्या वर्षी रूसोनं त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला. त्याचा सारांश असा : सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरं एका जागी दाटीवाटीनं निसर्गानं बांधली नव्हती. लोक पांगून राहत असते तर हानी कमी झाली असती. आणि काही जण तर कपडे, कागदपत्रं, पैसे घ्यायला परत आत गेले म्हणून मेले. रूसोच्या पुष्कळ गोष्टी आम्हाला पटत नाहीत, पण या पत्रात त्यानं प्रश्नाचा पत्ता बदलला. तो ईश्वराकडे जात होता, त्यानं तो गवंड्याकडे आणि नगररचनेकडे पाठवला.

आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती आपल्या 'हरिजन'मध्ये छापून उत्तरही दिलं. भौतिक घटनेची कारणं भौतिकच असतात हा रवींद्रनाथांचा मुद्दा निर्विवाद बरोबर आहे. आम्ही वर्गात नेहमी त्यांच्याच बाजूनं शिकवलं. पण गांधीजींच्या विधानातलं कारण चुकीचं असलं, तरी भूकंप आणि अस्पृश्यता यांना त्यांनी एका वाक्यात आणलं, त्यात अगदीच काही नव्हतं असं आता म्हणवत नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

आता व्याख्येकडे येऊ. कायदा म्हणतो ते आमच्या शब्दांत असं : नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणांनी, अपघातानं किंवा हलगर्जीपणानं एखाद्या क्षेत्रात गंभीर घटना घडली, तिच्यामुळे मोठी जीवितहानी झाली, लोकांचे हाल झाले, मालमत्तेची किंवा पर्यावरणाची हानी झाली, आणि तिचं स्वरूप किंवा प्रमाण असं असलं की बाधित क्षेत्रातल्या समुदायाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडे ती गेली, तर ती आपत्ती.

शेवटचा तुकडा नीट ऐका. समुदायाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडे. आस्मानी आणि सुलतानी दोन्ही पहिल्या भागात येऊन गेले. या शेवटच्या भागात तिसरी गोष्ट आली आहे. तिला आपल्याकडे जुना शब्द आहे, गावकी.

या तुकड्याचा तर्कशास्त्रीय अर्थ फार मोठा आहे. आपत्ती ही वस्तू नाही, तो संबंध आहे. 'उंच' हा शब्द जसा कुणापेक्षा तरी उंच असा असतो, तशी आपत्ती कुणाच्या तरी क्षमतेच्या तुलनेत आपत्ती असते. वादळ म्हणजे आपत्ती नव्हे. वादळ आणि ते ज्यांच्यावर येतं त्यांची तयारी, यांच्यातली तफावत म्हणजे आपत्ती. ओडिशाचं उदाहरण घ्या. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथे महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन आलं. तेही अतितीव्र होतं. पण या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. समुद्र तोच, किनारा तोच. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आणि इशारा मिळाल्यावर निघायचं असतं यावर लोकांचा विश्वास बसला.

म्हणजे व्याख्या उत्तम आहे. तिचा निष्कर्ष असा निघतो की आपत्ती कमी करायची असेल तर समुदायाची क्षमता वाढवा. वाऱ्याचा वेग आपल्या हातात नाही. क्षमता आहे.

मग आम्ही पुढचा कायदा वाचायला घेतला, आणि तिथे आमची निराशा झाली. कायद्याच्या आरंभी शब्दांच्या व्याख्या आहेत. 'साधनसंपत्ती' म्हणजे काय हे तिथे सांगितलं आहे आणि त्यात मनुष्यबळ, सेवा, साहित्य येतं. 'समुदाय' म्हणजे काय हे कुठेही सांगितलेलं नाही. ज्या शब्दावर मुख्य व्याख्या उभी आहे, तोच शब्द व्याख्येविना. त्यानंतर रचना येते. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी, त्यांच्या सोबत सहअध्यक्ष म्हणून स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी. योजनाही अशाच राष्ट्रीय, राज्याच्या, जिल्ह्याच्या. पाणी वरून खाली वाहतं तसा हा कायदा वरून खाली वाहतो आणि जिल्ह्याला पोचेपर्यंत त्याची ओल संपत येते.

न्यायानं बोलायचं तर समुदाय अगदीच गायब नाही. जिल्हा प्राधिकरणानं लोकांसाठी प्रशिक्षण आणि जागृतीचे कार्यक्रम करावेत असं कलम ३० मध्ये आहे. स्थानिक संस्थांची कामं कलम ४१ मध्ये आहेत. पण त्यांचा सूर पाहा. लोकांना प्रशिक्षण द्यायचं, लोकांत जागृती करायची. लोकांना काही विचारायचं आहे असं कुठे दिसत नाही. ग्रामसभा हा शब्द कायद्यात येत नाही. २०२५ मध्ये दुरुस्ती झाली, मोठ्या शहरांसाठी वेगळ्या प्राधिकरणाची सोय झाली. शिडीला आणखी एक पायरी लागली. पण शिडी अजूनही वरूनच खाली सोडलेली आहे.

हा केवळ शब्दांचा कीस आहे असं वाटू नये म्हणून किल्लारीला जाऊ.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लोक उशिरा, थकून झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. धक्का ६ रिश्टरच्या थोडा वर होता. जपानमध्ये एवढ्या धक्क्याला एवढी माणसं मरत नाहीत. इथे मारलं ते भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, दगडांमध्ये चिखल, वर माळवदाची माती, दरवर्षी गळती थांबवायला तिच्यावर आणखी थर. आपण लगेच म्हणतो, अडाणी बांधकाम. तसं नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेच घर थंड राहायचं, चोरापासून राखायचं, दगड-माती गावातच मिळायची. त्या घराला भूकंप ठाऊक नव्हता इतकंच. आणि का ठाऊक असावा? तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि लातूर वरच्या पट्ट्यात गेलं. माणसं गेल्यावर नकाशाला कळलं.

पण गावाला थोडं आधी कळलं होतं. १९९२ च्या पावसाळ्याच्या शेवटी किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते. पुढे धक्के थांबले आणि भीतीही ओसरली. त्या भीतीचं आपण काय केलं? भूकंपाचं भाकीत करता येत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण भीती हीसुद्धा माहिती असते. घरातला एखादा कोपरा लाकडानं बांधून घ्या, माळवदावरची जादा माती उतरवा, एवढं सांगायला भाकीत लागत नाही. ती भीती एक वर्ष आधी कामाला लावता आली असती.

नंतर पुनर्वसन झालं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून मदत आली. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. या स्थलांतरित गावांत घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल त्याला ७५०. ही ओळ आम्ही अनेकदा विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवली आणि विचारलं, यात न्याय कुठला आहे? गरजेप्रमाणे म्हणावं तर भूमिहीनाच्या घरात माणसं काही कमी नसतात. समानतेनं म्हणावं तर सगळ्यांना सारखं हवं. हे दोन्ही नाही. भूकंपानं एका रात्रीत सगळ्यांना उघड्यावर आणून सारखं केलं होतं, आणि सातबाऱ्यानं त्यांना पुन्हा जागेवर बसवलं.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र वेगळा होता, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. कमी पडझड झालेल्या गावांतली जवळपास दोन लाख घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे कंत्राटदाराऐवजी घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्यानं पैसे दिले गेले, अभियंत्यानं सल्ला दिला आणि गावातल्या बायका 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमल्या गेल्या. सिमेंट किती, सळई कुठे, हप्ता का अडला, हे घरोघर समजावून सांगणं आणि घरोघरचं ऐकून वर कळवणं, हे त्यांचं काम. म्हणजे एकाच सरकारनं, एकाच भूकंपानंतर, एकाच पैशानं दोन पद्धती वापरल्या. एकीत लोकांना घर मिळालं. दुसरीत लोकांनी घर केलं, आणि करता करता सुरक्षित भिंत कशी असते हे शिकले. व्याख्येतली 'क्षमता' वाढली असेल तर ती या दुसऱ्या पद्धतीत. दुर्दैव असं की सरकारी छायाचित्रांत पहिलीच पद्धत जास्त दिसते. चावी हातात देताना फोटो काढता येतो. समज वाढताना काढता येत नाही.

इथे कुणाला वाटेल की हे सर गावकीचे भक्त आहेत. नाही. आता आमचीच एक गोष्ट सांगतो.

ऑक्टोबर १९९३ मध्ये आम्ही आमच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या चाळीसएक मुलांना घेऊन त्या भागात गेलो. गावाचं नाव सांगत नाही. सोबत ब्लँकेटं, भांडी, धान्य. आम्ही स्वतःला मोठे लोकशाहीवादी समजत होतो, म्हणून ठरवलं की वाटप आपल्या मनानं करायचं नाही, गावालाच विचारायचं. देवळाचा सभामंडप अर्धा शाबूत होता. तिथे बसलो. गावातली चार जाणती माणसं आली, त्यांनी घरटी नावं सांगितली, मुलींनी वहीत लिहून घेतली. दोन दिवसांत शिस्तीत वाटप झालं. भांडण नाही, झोंबाझोंबी नाही. आम्हाला फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी निघताना ओढ्यापलीकडे काही पत्रे आणि पाल दिसले. एक मुलगी म्हणाली, "सर, हे लोक कोण?" आम्ही गेलो. वीस-बावीस घरं. त्यातलं एकही नाव आमच्या वहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, मावशी, तुम्ही देवळाकडे का नाही आलात? ती म्हणाली, "आम्ही कधी गेलाव का तिकडं, बाबा?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्या अज्ञानाचं तिला आश्चर्य वाटलं असावं. गाडीत तेव्हा सहा ब्लँकेटं उरली होती.

आम्ही त्या वेळी तेरा-चौदा वर्षं नीतिशास्त्र शिकवत होतो. यादी कुठे बसून करायची हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, हे एकाही पुस्तकानं आम्हाला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही वाचलं नाही. त्या चार जाणत्यांनी खोटं काही सांगितलं नाही. त्यांनी गाव सांगितलं. त्यांच्या 'गाव' या शब्दात ओढ्यापलीकडचं येत नव्हतं. म्हणून मघाशी म्हटलं की गांधीजींच्या त्या वाक्याकडे आम्ही पुन्हा पाहिलं. अस्पृश्यतेमुळे भूकंप होत नाही. पण भूकंपानंतर ब्लँकेट कुणाला मिळतं, हे तिच्यामुळे ठरू शकतं.

२००५ च्या कायद्यात कलम ६१ आहे. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करू नये. कलम अत्यंत आवश्यक आहे. पण आमची वही त्या कलमापुढे निर्दोष सुटली असती. आम्ही कुणाला नाकारलंच नव्हतं. ते यादीतच नव्हते. भेदभाव करायला माणूस आधी दिसावा लागतो. म्हणून समुदाय म्हणजे कोण, हे न सांगता 'समुदायाची क्षमता' मोजणाऱ्या कायद्यात धोका आहे. जो सभामंडपात बसू शकतो, तोच समुदाय ठरतो.

याच्या उलट टोकाचा एक दोष शहरात दिसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नाही. मिठी नदी, जिला अनेक मुंबईकर तोपर्यंत नाला समजत होते, तिनं आपली जागा परत मागितली. त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर चहा-बिस्किटं वाटली, गाड्यांत अडकलेल्यांना दोर टाकून ओढलं. हे सगळं खरं आहे आणि सुंदर आहे. दुसऱ्या दिवसापासून 'मुंबई स्पिरिट'चं कौतुक सुरू झालं. आमचा आक्षेप त्या माणुसकीवर नाही, त्या कौतुकावर आहे. लोक सोसतात म्हणून त्यांची स्तुती करायची आणि सोसायला कुणी लावलं तो हिशेब त्या स्तुतीत बुडवायचा, हा व्यवहार सोपा आहे. नदीपात्राचं काय झालं, पर्जन्यवाहिन्यांचं काय झालं, हे विचारणाऱ्याला मग शहराच्या उत्साहावर पाणी टाकणारा ठरवलं जातं. सहनशक्ती म्हणजे क्षमता नव्हे. सहनशक्ती संकट आल्यावर दिसते, क्षमता त्याच्या आधी घडवावी लागते.

क्षमता नुसतं धाडसही नव्हे. केरळात २०१८ च्या पुरात मच्छिमारांनी हजारो लोकांना वाचवलं. त्यांच्या होड्या लॉरीवर चढवून आतल्या गावांत नेल्या गेल्या. होडी होती, ती चालवणारा हात होता, आणि ती तिथवर पोचवणारी व्यवस्था होती. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट २०१९ ला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात होती. तिथेही धाडस कमी नव्हतं. नावा कमी होत्या.

मग योजना म्हणजे नेमकं काय? काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका ग्रामपंचायतीत आम्हाला गावाचा आपत्ती आराखडा पाहायला मिळाला. छान बांधलेली फाईल. त्यात रुग्णालय, पोलीस ठाणं, तालुक्याचे फोन क्रमांक. आम्ही सहज दोन क्रमांक लावून पाहिले. एक बंद होता, दुसरा एका किराणा दुकानाचा निघाला. एका पानावर 'त्सुनामी आल्यास' असा मथळा होता. समुद्र तिथून दीडशे किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री. कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या गावाचा आराखडा उतरवून घेतला होता. आपण हसलात, आम्हीही हसलो. पण ग्रामसेवकाचा चेहरा पाहून हसू थांबलं. ते म्हणाले, "सर, वरून पंधरा दिवसांची मुदत होती." वरून खाली वाहणाऱ्या कायद्याचं हे शेवटचं पान.

त्याच पंचायतीच्या बाहेर पारावर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, पाणी आलं तर पहिल्यांदा कुठल्या गल्लीत शिरतं? त्यांनी काठीनं मातीत रेघा ओढून दाखवलं, आधी हिकडनं, मग ओढ्याचं पाणी मागं फिरतं, मग ही वाट बंद. फाईलमध्ये नसलेलं सगळं त्या मातीत होतं. योजना करायची तर त्या रेघांपासून करायला हवी. आणि ती एकट्या पारावर करून चालणार नाही, हे आता आम्हाला कळतं. तोच प्रश्न खालच्या आळीत, ओढ्यापलीकडे, पाणी भरायला जाणाऱ्या बायकांना विचारायला हवा. त्यांची रेघ वेगळी निघेल.

अशी आठवण जीव वाचवते याचा पुरावा आहे. इंडोनेशियात सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीनं पुष्कळ माणसं गेली. लोकांनी ती आठवण 'स्मोंग' या एका शब्दात आणि गाण्यागोष्टींत जपली : जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले.

पण आठवण सगळीकडे पुरत नाही, कारण डोंगर काही दरवेळी आठवणीतल्या जागीच कोसळत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशेवर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. आम्हाला हे वाक्य अजून अस्वस्थ करतं. गाव नाहीसं झाल्याचं कळायला एसटी यावी लागली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं विधिमंडळातच सांगितलं गेलं. पुन्हा यादी. लातूर नकाशात नव्हतं, इरशाळवाडी यादीत नव्हती, ओढ्यापलीकडची घरं आमच्या वहीत नव्हती. शासन आणि मास्तर यांच्यात फार फरक नाही. दोघांचाही विश्वास कागदावर असतो. म्हणून आमचं म्हणणं असं की आपत्तीच्या प्रत्येक यादीखाली एक रिकामी ओळ हवी : यात कोण राहिलं? आणि ती ओळ भरण्याचा अधिकार यादी करणाऱ्याला नसावा. ज्याचं नाव राहिलं असेल, त्याला किंवा त्याच्या शेजाऱ्याला असावा.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, हे सगळं समुदायावर टाकलं तर सरकारची जबाबदारी संपते का? दर वर्षी लोकांनीच सगळं करायचं का?)

प्रश्न अगदी रास्त आहे. नाही, संपत नाही. दरडीची शास्त्रीय पाहणी, धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय, हवामानाचा इशारा, नावा, पैसा, पर्यायी जमीन, ही कामं कुठलंही गाव एकट्यानं करू शकत नाही. धोक्याच्या उतारावर राहणारा हौसेनं राहत नाही; त्याला दुसरी जागा मिळत नाही म्हणून राहतो. ती जागा देणं सरकारचंच काम. पण कोबेला १९९५ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनी काढलं. पहिल्या काही तासांत जगातलं कोणतंच सरकार दारात नसतं. ते तास शेजाऱ्यांचे. त्या तासांसाठी लागणारी तयारी व्हावी म्हणून वेळ, पैसा आणि अधिकार देणं ही सरकारची जबाबदारी. समुदायावर काम टाका म्हणत नाही आम्ही. समुदायाच्या हातात निर्णय द्या म्हणतो. दोन्हींत मोठं अंतर आहे.

(दुसरा प्रश्न : शहरात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? आम्हाला गावकी नाही.)

याचं उत्तर आम्ही तत्त्वज्ञानातून देऊ शकत नाही, आठवणीतून देतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. पुण्यात नदीजवळच्या पेठेत वाडा होता, नऊ बिऱ्हाडं. पाणी येतंय असं ओरडत कुणीतरी बोळातून गेलं. सरकारी माणूस नव्हता तो. वाड्यात तळमजल्यावर एक आजोबा होते, लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना आधी काढायचं, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या दोघांनी त्यांना सतरंजीसकट उचललं. त्या दोन घरांत तीन वर्षं नळावरून बोलणं बंद होतं. आमच्या आईनं आमचा हात धरला आणि दुसऱ्या हातात शेजारच्या काकूंचं तान्हं मूल घेतलं. आमची पेटी, वह्या, सगळं गेलं. माणसं राहिली.

आज आम्ही एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, सीसीटीव्ही आहे, आग लागल्यास काय करावे असा फलक आहे. खालच्या मजल्यावर कोण राहतं ते मागच्या महिन्यापर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. हे व्याख्यान लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की गुडघ्यांमुळे आता आम्ही जिना उतरू शकत नाही. उचलणाऱ्यांच्या यादीतून आम्ही कधीच उचलायच्या यादीत आलो आहोत, आणि आमच्या इमारतीत तशी यादीच नाही.

मग एका संध्याकाळी खाली गेलो, बेल दाबली. एक तरुण जोडपं आहे, मूळचं झारखंडचं. मराठी येत नाही, आमचं हिंदी बेताचं. आम्ही आमची अडचण सांगितली. मुलगा म्हणाला, "अंकल, हो जाएगा." मग त्यानं विचारलं की वर तुमच्याशिवाय आणखी कोण आहे ज्यांना उतरता येत नाही. आम्हाला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मिळून दारोदार जाऊन विचारणार आहोत. वॉचमनची खोली आणि कामवाल्या बाई दुपारी कुठे थांबतात, तेही विचारायचं आहे. यादी या वेळी बसून करायची नाही, असं ठरवलं आहे.